मोटरहोम घ्यावी का? आमचा अनुभव आणि जमाखर्च

आमच्याकडे मोटरहोम, म्हणजे आत बेड, शेगडी, संडास असं सगळं असलेली गाडी आहे हे कळलं की लोकांचे दोनच प्रश्न असतात, एक "केवढ्याला पडली?" आणि दुसरा "परवडते का?" इथे अमेरिकेत डेन्व्हरला गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच, आणि जेवणाच्या लाईनमध्ये उभं राहून पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

माझं मत आधीच सांगते. पैसे वाचवायला म्हणून घ्यायची असेल तर अजिबात घेऊ नका, पैसे वाचत नाहीत. हॉटेलचे पैसे वाचतात ते पेट्रोल, पार्किंग आणि रिपेअरिंगमध्ये जातात, वर थोडे जास्तच जातात. पण घरात म्हातारी माणसं असतील, लहान मुलं असतील आणि त्या सगळ्यांना सोबत घेऊन अमेरिका बघायची मनापासून इच्छा असेल तर याच्याइतकी चांगली सोय मला तरी दुसरी सापडलेली नाही. आम्ही घेतली ती आई-बाबांसाठी, आणि त्या एका कारणासाठी मी आजही परत घेईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे मोटरहोमचे तीन प्रकार असतात. क्लास ए म्हणजे बससारखी दिसणारी मोठी, क्लास बी म्हणजे व्हॅनच्या आतच सगळं बसवलेली छोटी, आणि क्लास सी म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड, मागे खोका आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक बेड. ट्रकच्या मागे जोडून ओढत नेतात ते ट्रेलर वेगळे, त्याला इंजिन नसतं. आमची क्लास सी आहे, २०१६ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली, फोर्डच्या ई-४५० चॅसिसवर बांधलेली, इंजिन ६.८ लिटरचं व्ही-१०, लांबी ३० फूट. वरच्या बेडवर मुलं, मागच्या क्वीन बेडवर आई-बाबा आणि जेवायचं टेबल खाली पाडून त्याचा बेड होतो त्यावर आम्ही दोघं. लायसन्स वेगळं लागत नाही, २६,००० पौंडांपर्यंतची खाजगी गाडी नेहमीच्या लायसन्सवर चालवता येते, आमची १४,५०० च्या आत आहे. मी पण चालवते, फक्त नवराच चालवतो असं नाही.

आता सगळ्यात मोठा फायदा, आणि तो लिहायला कुणी लाजतं म्हणून मी आधी लिहिते. संडास. बाबांचं वय सत्तरच्या पुढे, प्रोस्टेटचा त्रास, त्यात शुगर. साध्या गाडीने कुठे निघालो की बाबा सकाळपासून पाणी प्यायचं बंद करायचे, कारण मधे थांबायला लागलं तर सगळ्यांची गैरसोय होईल म्हणून. आणि वायोमिंगमध्ये खरंच पन्नास पन्नास मैल काही नसतं, झाड पण नसतं. तोंडाने काही बोलायचे नाहीत पण संध्याकाळी हॉटेलवर पोचेपर्यंत चेहरा सुकून गेलेला असायचा. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे गॅस स्टेशनच्या मागच्या बाजूचं ते ओलं बाथरूम, तिथली पायरी, याची तिला धास्ती. मोटरहोममध्ये हा विषयच संपला. कुठेही जरा रुंद जागा दिसली की गाडी बाजूला घ्यायची, आत स्वतःचं स्वच्छ टॉयलेट आहे, धरायला दांडी बसवून घेतलीय, हात धुवायला गरम पाणी आहे. पहिल्याच मोठ्या ट्रिपला बाबा दिवसभर व्यवस्थित पाणी पीत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला खरंच भरून आलं. इन्सुलिन फ्रिजमध्ये, दुपारी पाठ टेकायला बेड. आम्ही खाली उतरून ट्रेलवर एक तास फिरून यायचो तोवर आई आत पडलेली असायची, तिला कुणासाठी ताटकळायला लागायचं नाही आणि आम्हाला पण तिला एकटं सोडल्यासारखं वाटायचं नाही.

दुसरं म्हणजे जेवण. माझे आई-बाबा माळकरी आहेत, मटण-मासे नाहीत, अंडं नाही, आणि साऊथ डकोटात किंवा मोंटानात एखाद्या छोट्या गावात रात्री आठ वाजता तसं काही खायला मिळवून दाखवा. फ्रेंच फ्राइज आणि चीज घातलेला सलाड, तीन दिवस तेच. मोटरहोममध्ये तीन बर्नरची प्रोपेनवरची शेगडी असते, त्यावर आमचा कुकर बसतो, तवा बसतो. उंचीवर तर कुकर पाहिजेच, यलोस्टोन नॅशनल पार्कातल्या यलोस्टोन लेकच्या आसपास तुम्ही ७,७०० फुटांवर असता, तिथे पाणी ९२ डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतं त्यामुळे नुसत्या पातेल्यात तूरडाळ खूप वेळ ठेवली तरी लवकर शिजत नाही. कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या साईटवरचे लोक वळून बघतात आणि मग गप्पा सुरू होतात, असं एकदा नाही बऱ्याचदा झालंय. फक्त फोडणी जपून. छत खाली आहे, स्मोक अलार्म डोक्यावरच आहे, मिरची तेलात पडली की तो लगेच ओरडतो, म्हणून आधी छतातला पंखा बाहेर हवा फेकेल असा लावायचा, खिडकी उघडायची आणि मग मोहरी टाकायची.

यलोस्टोनमधल्याच हेडन व्हॅलीत बायसनचा, म्हणजे इथल्या गव्यांचा, कळप रस्त्यावर आला की ट्रॅफिक थांबतं, कधी कधी तासभर. लोक गाडीत बसून कंटाळतात, मुलं रडतात. आम्हाला नेमकी बाजूला थांबायची जागा मिळाली होती, आईने शांतपणे चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं, आणि खिडकीतून वीस फुटांवरून बायसनची मादी पिल्लाला घेऊन चालली होती ती चहा घेत बघितली. "अगं, हिचं वासरू तांबडं कसं?" असं तिने विचारलं. बायसनची पिल्लं जन्मतः तांबूस-केशरी असतात, काही महिन्यांनी काळपट होतात, हे मला पण तिने विचारल्यावर शोधून कळलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगते कारण भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं की चालत्या गाडीत मागे पत्ते खेळायचे, झोपायचं, स्वयंपाक करायचा. तसं करायचं नाही. गाडी चालू असताना प्रत्येकाने बेल्ट लावून सीटवरच बसायचं, कारण ब्रेक लागला तर उभा माणूस थेट पुढे फेकला जातो, आणि कपाटाची दारं पण उघडतात. गाडी घेताना बेल्टवाल्या सीट किती आहेत ते मोजा, किती जण झोपू शकतात तो आकडा वेगळा असतो आणि जाहिरातीत तोच मोठा लिहिलेला असतो.

आता पाणी. मोटरहोमला तीन टाक्या असतात, चांगल्या पाण्याची, सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासची म्हणजे ब्लॅक. आमच्या चांगल्या पाण्याच्या टाकीत ४० गॅलन म्हणजे दीडशे लिटर मावतं, गरम पाण्याचा बंब फक्त ६ गॅलनचा. सहा माणसांना दीडशे लिटर, त्यात अंघोळी, भांडी, सगळं. इथल्या माणसाला हे जमवायला वेळ लागतो पण माझे आई-बाबा माण तालुक्यातले, टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेले, त्यांना काही सांगावंच लागलं नाही. आई एका छोट्या बादलीत अंघोळ उरकते, भांडी आधी कागदाने पुसून मग थेंबभर पाण्यात धुते, भाजी धुतलेलं पाणी टॉयलेटमध्ये ओतते. माझ्या मुलीने ब्रश करताना नळ चालू ठेवला तर आजी नुसती बघते, नळ आपोआप बंद होतो. घरी आल्यावर पण मुलांची ती सवय राहिली, हा मी मोटरहोमचा फायदाच धरते.

आणि एक गंमत सांगते जी मला कुठल्या माहितीपत्रकात वाचायला मिळाली नाही. ब्लॅक टाकीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कमी पाणी. लोक पाणी वाचवायला कमी फ्लश करतात, मग घट्ट ते खाली साठतं, वाळतं आणि टाकी नीट रिकामी होत नाही, सेन्सर पण खोटं दाखवायला लागतो. आपल्या लोकांना पाण्याने धुवायची सवय असते, आमच्या टॉयलेटला हाताचा छोटा फवारा आहेच, त्यामुळे आपल्या टाकीत पाणी भरपूर जातं, कागद कमी जातो आणि टाकी धडाधड रिकामी होते. चांगलं पाणी जरा लवकर संपतं, टाकी पण लवकर भरते, पण तुंबण्यापेक्षा ते बरं.

रिकामी करायचं काम कुणी करायचं यावरून घराघरात वाद होतात. आमच्याकडे आळीपाळीने. डंप स्टेशनवर गाडी लावायची, जाड हातमोजे घालायचे, पाईपचं एक टोक जमिनीतल्या भोकात पक्कं बसवायचं, दुसरं गाडीला फिरवून लॉक करायचं, ते लॉक झालं की टक असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी ब्लॅकचा दांडा ओढायचा, पारदर्शक कोपऱ्याच्या तुकड्यातून दिसतं काय चाललंय ते, सगळं गेलं की मग ग्रेचा, म्हणजे साबणाचं पाणी मागून येऊन पाईप धुऊन काढतं. क्रम उलटा करायचा नाही. मग ब्लॅकमध्ये परत थोडं पाणी आणि औषध टाकायचं. वास येतो का? येतो, दहा मिनिटं येतो. ज्यांना हे काम करायचा विचारच सहन होत नाही त्यांनी खरंच मोटरहोम घेऊ नये, कारण हे काम दुसरं कुणी करत नाही आणि दर दोन-चार दिवसांनी येतंच.

वीज हा पण समजून घ्यायचा विषय आहे. कॅम्पग्राउंडवर खांबाला वायर जोडली की वीज मिळते, आमच्या गाडीला ३० अँपिअरचं कनेक्शन आहे, म्हणजे ३,६०० वॅट. एसी चालू, बंब विजेवर चालू आणि त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. म्हणून घरात एक नियम, मायक्रोवेव्ह लावायच्या आधी ओरडून विचारायचं. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअर असतं, त्यांना हा प्रश्न येत नाही. खांब नसेल तर बॅटरीवर दिवे, पंप, हीटरचा पंखा एवढंच चालतं, बाकीच्यासाठी गाडीतला जनरेटर लावायचा आणि नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये तो ठरावीक वेळेतच लावता येतो. उंचीवर जनरेटरची ताकद पण कमी होते, आमच्या जनरेटरला उंचीप्रमाणे फिरवायचा एक खटका आहे, कोलोरॅडोत राहणाऱ्याला तो माहीत पाहिजे.

चालवणं. सरळ रस्त्यावर अवघड नाही, पण कारपेक्षा सवय वेगळी लागते. मागचं चाक आणि गाडीचं शेपूट यात बरंच अंतर आहे, वळताना शेपूट बाहेर जातं, पेट्रोल पंपावरच्या पिवळ्या खांबांना आधी तेच लागतं. गाडीची उंची साडेअकरा फूट, ती आम्ही डॅशबोर्डवर मोठ्या आकड्यात चिकटवलीय, कारण हॉटेलचं पोर्च, ड्राइव्ह-थ्रू, झाडाची फांदी, जुना पूल, सगळं त्या आकड्याशी ताडून बघायला लागतं. आय-७० हायवेवर आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे चढताना इंजिन ओरडतं, उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे ताशी ४० मैलांच्या स्पीडने जायचं, घाई करायची नाही. उतरताना त्याहून जास्त लक्ष द्यावं लागतं, टो-हॉलचं बटण दाबायचं म्हणजे गिअर खाली येऊन इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. आणि वारा! वायोमिंगमध्ये आय-२५ वर व्हीटलँडच्या आसपास इतका वारा असतो की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद करतात, पाटीवर तसं लिहूनच येतं. आपली गाडी त्यातच मोडते. अशा दिवशी आम्ही सरळ मुक्काम वाढवतो, किंवा पहाटे वारा पडलेला असताना निघतो.

पेट्रोल गॅलनला साडेआठ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटर. टाकी ५५ गॅलनची, सव्वातीन डॉलरच्या भावाने पावणेदोनशेच्या पुढे एका वेळचं बिल. डेन्व्हर ते यलोस्टोन जाऊन-येऊन अकराशे मैल धरले तर सव्वाचारशे डॉलर नुसतं पेट्रोल. आणि ते भरायचं कुठे हा पण प्रश्न, कारण ट्रकच्या मोकळ्या लेनमध्ये बहुतेक ठिकाणी डिझेलच मिळतं, आमची पेट्रोलवर, म्हणून कारच्या गर्दीत ३० फूट घेऊन घुसायचं. काही ट्रक स्टॉपवर आरव्हीसाठी (मोटरहोम, ट्रेलर सगळ्यांना मिळून इथे आरव्ही म्हणतात) वेगळी लेन असते, आम्ही ती बघूनच रूट ठरवतो.

"मनात आलं की निघायचं, वाटेल तिथे थांबायचं" हे जे चित्र असतं ना, त्याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. नॅशनल पार्कच्या आतल्या बऱ्याच चांगल्या जागा सहा महिने आधी ऑनलाईन उघडतात आणि जुलैच्या तारखा काही मिनिटांत जातात. म्हणजे आपण जानेवारीत सकाळी लॅपटॉप उघडून बसायचं, घड्याळाकडे बघत. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी, ड्रेनेज तिन्ही साईटवरच मिळणारी जागा एकच आहे, फिशिंग ब्रिज, तिथे अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, पत्र्याच्या किंवा फायबरच्या भिंतीच पाहिजेत, त्यामुळे तिथे मोटरहोमवाल्यांचीच रांग. बऱ्याच पार्कमधली कॅम्पग्राउंड तर १९३० ते १९६० च्या काळातली, तेव्हाच्या गाड्यांच्या मापाची, ३० फुटांची गाडी मावेल अशा जागा मोजक्याच. रस्त्यांचं पण तेच. ग्लेशियर पार्कचा गोइंग-टू-द-सन रोड इतका सुंदर म्हणतात, पण डोंगरातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. आम्ही गाडी खाली ठेवून शटलने गेलो. काही जण मोटरहोमच्या मागे छोटी कार किंवा जीप बांधून नेतात, ती सोय छान आहे, पण बांधणं-सोडणं, ब्रेकची जोडणी, आणि बांधलेली असताना मागे घेता येत नाही, म्हणजे चुकीच्या पार्किंगमध्ये शिरलात की उतरून कार सोडवा. आम्ही ते केलं नाही, मोठ्या मुक्कामाच्या गावात दोन दिवस कार भाड्याने घेतो.

खरी मोकळीक पाहिजे असेल तर ती नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमच्या (सरकारी मोकळ्या जमिनी सांभाळणारं खातं) जमिनीवर मिळते. तिथे बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, वीज नाही, पाणी नाही, शेजारी नाही. युटामधल्या मोआबच्या बाहेरच्या वाळवंटात आम्ही असे राहिलोय, रात्री बाबांनी बाहेर खुर्ची टाकून आकाशगंगा दाखवली नातवाला, सप्तर्षी, व्याध, शर्मिष्ठा, एकेक नाव घेऊन. गावाकडे अंगणात झोपायचे तेव्हाचं त्यांना सगळं पाठ आहे. माझ्या मुलाला शाळेत इंग्रजी नावं शिकवली होती, त्या दिवसापासून तो शर्मिष्ठाच म्हणतो. ही गोष्ट मला हॉटेलात मिळाली नसती.

आता देखभाल, इथे मात्र मन घट्ट करून वाचा. मोटरहोम म्हणजे दर ट्रिपला भूकंपाचे धक्के खाणारं घर. लाकडी चौकट, पातळ भिंती, स्टेपल, गोंद, आणि हे सगळं खड्ड्यातून ताशी ६० मैलांच्या स्पीडने. स्क्रू सैल होतात, दाराची कडी खाली येते, नळाचं कनेक्शन ठिबकायला लागतं. आम्ही निघायच्या आधी आणि परत आल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन एक चक्कर मारतो, ती आता सवयच झालीय. नवऱ्याला हे काम मनापासून आवडतं म्हणून आमचं निभावतं. ज्या घरात दोघांपैकी एकालाही हातात पान्हा धरायची आवड नाही त्यांना प्रत्येक छोट्या गोष्टीला दुकानात जावं लागेल, आणि उन्हाळ्यात दुकानात आठवडेच्या आठवडे नंबर लागत नाही. आमची गाडी एका दुकानात पाणी गरम करायच्या बंबाच्या एका बोर्डासाठी जवळजवळ अख्खा जून पडून होती, ऐन सीझन तिथेच गेला. शिवाय दुकानं पण दोन प्रकारची. इंजिनवाला म्हणतो मागचं घर आमचं काम नाही, आरव्हीवाला म्हणतो इंजिनला हात लावणार नाही, आणि साध्या गॅरेजच्या लिफ्टवर ही गाडी चढतच नाही.

छत. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. मोटरहोम गंजून किंवा इंजिन जाऊन मरत नाहीत, पाणी मुरून मरतात. छतावर रबरासारखा पातळ पडदा असतो आणि त्यात पंखा, एसी, टीव्हीचा अँटेना, टाकीच्या हवेचे पाईप अशी दहा-बारा भोकं पाडलेली असतात, प्रत्येकाच्या कडेने सीलंट. कोलोरॅडोच्या उन्हात ते सीलंट वाळतं, केसासारखी बारीक भेग पडते. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, आम्ही शिडी लावून वर चढतो, गुडघ्याखाली फोमचा तुकडा घेऊन इंच इंच बघत सरकतो, नखाने दाबून बघतो, जिथे कड सुटलीय तिथे पुसून नवीन ट्यूब पिळतो. ते आपोआप पसरून सपाट होतं. एका ट्यूबला पंधरा-वीस डॉलर लागतात, आणि ती पिळली नाही तर आतली भिंत कुजली की हजारोंचं काम. क्लास सीला ड्रायव्हरच्या डोक्यावरचा जो बेड आहे ना, त्याच्या पुढच्या कोपऱ्यातून पाणी शिरतंच शिरतं, वारा आणि पाऊस सगळा तिथेच आपटतो. आणि डेन्व्हरला मे-जूनमध्ये गारा पडतात त्या तर विचारू नका, पंख्यांची प्लॅस्टिकची झाकणं आणि एसीचं कव्हर फुटतं.

थंडी. ऑक्टोबरमध्ये पहिलं बर्फ पडायच्या आत सगळ्या पाईपमधलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, बंबाला बायपास करून, प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत, शॉवर, टॉयलेट, बाहेरचा नळ, सगळं. एक नळ राहिला तरी तिथे पाणी गोठून फिटिंग फुटतं आणि ते वसंतात पाणी सोडल्यावर कळतं. म्हणजे आमच्याकडे ही गाडी मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच वापरात, बाकी सहा-सात महिने उभी. उभी असताना पण पैसे खातेच. आमच्या एचओएचा, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीचा नियम आहे, घरासमोर सामान भरायला-उतरवायला दोन दिवस उभी करता येते, नंतर नाही, म्हणून स्टोरेज घ्यावं लागतं. उघड्यावर महिना शंभर डॉलरच्या पुढे, छप्पर असलेलं दोनशेच्या पुढे. इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, स्टोरेज, बॅटऱ्या, बारीकसारीक दुरुस्ती असं धरून एक मैल न चालवता सुद्धा वर्षाला चार-पाच हजार डॉलर जातात. त्यात टायर सहा, आणि ते झिजायची वाट बघायची नसते, रबर वयाने जातं, सहा-सात वर्षं झाली की नक्षी नवीसारखी दिसत असली तरी बदलायचे. टायरवर तारखेचा चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, सेकंडहँड घेताना तो स्वतः वाकून वाचा.

किंमत पण पडते. नवीन क्लास सी बहुतेकदा लाख डॉलरच्या पुढेच सुरू होते आणि शोरूममधून बाहेर काढली की किंमत खाली. बँका १५-२० वर्षांचं कर्ज आनंदाने देतात, हप्ता छोटा दिसतो, पण चार वर्षांनी विकायला काढाल तेव्हा कर्ज जास्त आणि गाडीची किंमत कमी असं बऱ्याच लोकांचं झालंय. कोविडमध्ये सगळ्यांनाच घ्यायची होती, २०२१ मध्ये अमेरिकेत ट्रेलर-मोटरहोम सगळं मिळून ६ लाखांवर गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या, तो विक्रमच होता, आणि २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. त्या गर्दीत चढ्या भावाने घेतलेल्या कित्येक गाड्या आता जवळजवळ न वापरलेल्या अशा विकायला येतात. घेणाऱ्यासाठी हे चांगलं आहे.

मग भाड्याने का नको? बहुतेक लोकांना मी भाड्यानेच घ्या म्हणते. सीझनमध्ये रात्रीचे दोनशे-अडीचशे डॉलर, वर मैलाचे आणि इन्शुरन्सचे वेगळे, दहा दिवसांचे तीन-साडेतीन हजार होतात. ऐकायला जास्त वाटतं पण उभ्या गाडीचा वर्षाचा खर्च मी वर लिहिलाच आहे. वर्षातून तीन-चार आठवडे तरी नक्की वापरणार नसाल तर स्वतःची घेण्यात हिशोब बसत नाही. आमचा बसला कारण आई-बाबा सहा-सहा महिने येऊन राहायचे आणि आम्ही दोघं घरून काम करणारे, त्यामुळे शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी परत असं उन्हाळाभर चालायचं. आणि भाड्याच्या गाडीत आपला कुकर, आपली अंथरुणं, बाबांची दांडी, आईची ती छोटी बादली, हे प्रत्येक वेळी चढवा-उतरवायचं. स्वतःच्या गाडीत मसाल्याचा डबा भरलेलाच असतो. म्हाताऱ्या माणसांना रोज रात्री नवीन जागा सोसत नाही, आपली उशी, आपला बेड, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण कुठे आहे हे हाताला माहीत असणं, याचं मोल मला हॉटेलच्या बिलाशी लावता येत नाही.

पुण्याचा माझा भाऊ विचारत होता तिकडे घेतली तर कसं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशाच गाड्यांसाठी, धोरण आणलं, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाड्या भाड्याने मिळतात. मी त्याला म्हटलं आधी एकदा भाड्याने घेऊन आई-बाबांना कोकणात फिरवून आण, आणि निघायच्या आधी ब्लॅक टाकी कुठे रिकामी करायची तेवढं मात्र विचारून घे. इथे त्यासाठी जागोजागी डंप स्टेशन आहेत म्हणून हे सगळं चालतं, ती सोय नसेल तर बाकी सगळ्या सोयी असून उपयोग नाही.

कुणी इथे घ्यायचं ठरवलंच असेल तर सेकंडहँड घ्या, तीन ते आठ वर्षं जुनी, आणि बघायला जाताना सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा, लोकांना हिवाळ्याचं स्टोरेज भरायचं नसतं म्हणून भावात घासाघीस होते. आत शिरल्या शिरल्या आधी वास घ्या, कुबट वास आणि त्यावर मारलेला सुगंधी स्प्रे दोन्ही वाईट. वरच्या बेडची गादी उचला, पुढचे दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबा, मऊ लागलं तर तिथूनच परत फिरा. बाहेरून भिंतीवर तिरका टॉर्च मारा, फुगवटा दिसला तर आत पाणी आहे. छतावर स्वतः चढा, विकणाऱ्याने काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. बंब, फ्रिज, हीटर, जनरेटर प्रत्येक गोष्ट तुमच्यासमोर चालू करून दाखवायला सांगा, फ्रिज गार व्हायला कित्येक तास लागतात म्हणून आदल्या रात्रीच लावून ठेवायला सांगायचं. आणि जमलं तर मुद्दाम पावसाच्या दिवशी जा.